मधली माती

दिवा राहू द्या तसाच, वात वर करू नका. सांगायला एवढा उजेड पुरे आहे.

कळंबला मी पहिल्यांदा गेलो तो वाळू बघायला. हैदराबाद राज्य मोडून आपण मुंबई राज्यात आलो, त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. कळंबच्या बाहेर सरकारी धान्यगोदाम व्हायचं होतं आणि जागा होती काळ्या मातीची. ही माती तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. भेगा अशा पडतात की कोकराचा पाय अडकावा. तिच्यावर उभी केलेली भिंत दोन पावसाळ्यांत चिरते. म्हणून वरिष्ठांनी तिथं वाळूचे खांब घालायचं ठरवलं होतं. जाड सागवानी सोट घ्यायचा, त्याच्या टोकाला लोखंडी टोपण बसवायचं, तिपाईवरून वजन आदळून तो जमिनीत पुरुषभर खोल ठोकायचा. मग उपसून काढायचा आणि राहिलेल्या भोकात मांजरा नदीची धुतलेली वाळू थराथरानं कुटून भरायची. असे खांब ओळीनं, सगळ्या पायाखाली. त्या वाळूत गाळ किती आहे, एवढंच पाहायला मी गेलो होतो, आणि मग कामावर देखरेख करत तिथंच राहिलो.

राहायला जागा दिली ती कल्याणप्पांनी. मोंढ्यात त्यांचं आडत दुकान होतं, त्यावरची खोली. माणूस पन्नाशीकडे झुकलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं हळू. त्यांची पहिली बायको, इरम्मा, तीन वर्षांपूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हतं. नातेवाइकांनी आग्रह करून दुसरं लग्न लावून दिलं. ही दुसरी म्हणजे शिवगंगा, आळंदकडची. कल्याणप्पांच्या निम्म्या वयाची, देखणी, चटपटीत. तिच्या मराठीत मधूनच कानडी हेल यायचा. जेवण मला त्यांच्याच घरून, त्यामुळे त्या घरात काय चाललंय ते न विचारताही दिसायचं.

त्या घरात इरम्मा गेलीच नव्हती. भांड्यांवर तिचं नाव कोरलेलं. देवळीत तिनं लावलेला काजळाचा डाग. शेजारणी येऊन सांगायच्या, इरम्माची शेंगाची पोळी अशी असायची, इरम्मा आंबील अशी करायची. शिवगंगा ऐकून घ्यायची आणि त्या गेल्या की सगळी भांडी पुन्हा राखेनं घासायची. एकदा दुपारी मी जेवायला बसलो असताना कल्याणप्पांनी आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "इरा, पाणी आण."

त्यांना कळलंही नाही आपण काय बोललो ते. शिवगंगेनं पाणी आणलं, तांब्या ठेवला, पदर सावरला आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, हे मला नंतर दुकानातल्या माणसांकडून कळलं.

तिनं नवं घर मागितलं ते यामुळं. नवऱ्याला म्हणाली, मला दागिने नकोत, साड्या नकोत, माझ्या हातानं पहिली चूल मांडीन असं घर द्या. कल्याणप्पा लगेच हो म्हणाले. इतक्या आनंदानं हो म्हणाले, की तिला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. येरमाळ्याच्या रस्त्याला त्यांचं शेत होतं, तिथं बांधायचं ठरलं. गोदामाचं काम ते रोज बघायचे. मला म्हणाले, साहेब, जमीन तशीच काळी आहे, तर माझ्या घराखालीही तुमचे वाळूचे खांब घालून द्या. गोदामाचे खांब तेव्हा घालून झाले होते. वरिष्ठांची परवानगी काढली आणि मुकादम हरिबाची टोळी सुटीच्या दिवशी तिकडं लावली.

पायाची आखणी झाली त्या दिवशी शिवगंगा पहिल्यांदा शेतात आली. चुन्याच्या रेषा बघत बघत तिनं स्वयंपाकघर कुठं, माजघर कुठं ते विचारून घेतलं. मग माजघराच्या रेषेवर उभी राहून तिनं समोर पाहिलं. बांधापाशी, बेलाच्या झाडाखाली, काळ्या दगडाची एक बसकी समाधी होती. दगडावर ताजी विभूती होती आणि सकाळचं फूल.

त्यांच्यात, लिंगायतांत, माणूस गेलं की जाळत नाहीत. बसतं करून मातीत ठेवतात, बहुतेकदा आपल्याच शेतात. ती इरम्माची समाधी होती. कल्याणप्पा रोज संध्याकाळी गावातून एवढं अंतर चालून कशासाठी येत होते, ते शिवगंगेला त्या क्षणी कळलं. नवं घर ते बायकोसाठी बांधत होते, पण या बायकोसाठी नव्हे.

ती नवऱ्याला काही बोलली नाही. माझ्याकडे आली आणि शांतपणे विचारलं, हे खांब मातीला नेमकं करतात काय?

मी तिला समजेल असं सांगितलं. म्हटलं, परातीत गच्च मळलेली कणीक आहे असं समजा. तिच्यात बोट खुपसलं तर कणीक कमी होत नाही, बाजूला सरकते. चार ठिकाणी चार बोटं खुपसली तर मधली कणीक दाबली जाते, घट्ट होते, थोडी वर उचलते. मातीचंही तसंच. सोट ठोकताना आपण माती काढत नाही, तिला रेटतो. रेटलेल्या मातीतलं पाणी वाट शोधत वाळूत येतं आणि वाळूतून वर निघून जातं. मग खांबांमधली माती आवळते. ती फुगत नाही, फाटत नाही.

"आन् मधी काय असलं तर?" तिनं विचारलं.

"काय असणार?"

"मुळी असंल. दगूड असंल." ती समाधीकडे बघत नव्हती. "काय बी."

"ते जागच्या जागी दाबलं जातं," मी म्हणालो. "त्याला हलायला जागा राहत नाही."

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी कल्याणप्पा म्हणाले, घरात म्हणतात की बांधाच्या बाजूला खांबांची आणखी एक ओळ असावी, आणि समाधीच्या पलीकडून एक. तिकडून पावसाचं पाणी येतं ना. पायाच्या बाहेर एखादी जादा ओळ असणं चांगलंच असतं. समाधीपलीकडच्या ओळीचा घराला उपयोग नव्हता, पण अपायही नव्हता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, तिची इच्छा आहे तर असू द्या, समाधीचीही जमीन पक्की होईल. त्यांना त्यात बायकोचं मन मोठं दिसलं. मलाही आधी तसंच वाटलं.

घराखालचे खांब सुरळीत गेले. समाधीच्या बाजूची ओळ सुरू झाली ती एका भरदुपारी. ऊन इतकं की लांबची झाडं थरथरताना दिसत होती. हरिबाची माणसं दोर ओढत होती, वजन वर जायचं, सुटायचं, आणि सोटावर आदळायचं. शिवगंगा बेलाच्या सावलीत, समाधीला पाठ लावून बसली होती. प्रत्येक आघाताला तिचे डोळे मिटायचे. समाधान वाटावं तसे.

तिसरा की चौथा सोट वर येईना. दोर ताणले, तरफ लावली, माणसं वाढवली. हरिबा कपाळाचा घाम पुसत मला म्हणाला, साहेब, चिखलात रुतल्यावानी न्हाय लागत हे, धरल्यावानी लागतंय. मी म्हटलं, ओली चिकण माती सोटाला चिकटते, पाणी सोडा. पाणी सोडलं. थोड्या वेळानं सोट एकदम सुटला. एवढा सहज, की दोर ओढणारी माणसं मागं पडली.

आणि भोकातून वास आला.

कुजका नव्हता. मरव्याचा होता. डोक्याच्या तेलात मरवा घालतात, तो. उन्हाच्या झळेत तो एकदम गार वाटला. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कल्याणप्पा तेवढ्यात गावाकडून येत होते. ते दहा पावलांवर थांबले. त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी तो आधी कधी पाहिला नव्हता. नवरदेवाचा असतो तसा. ते डोळे मिटून श्वास घेत उभे राहिले.

शिवगंगा समाधीपासून उठली होती. ती भोकाकडे बघत नव्हती. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"वाळू टाका," ती हरिबाला म्हणाली. "कुटा."

सगळ्या ओळी पुऱ्या झाल्यावर मी जमीन तपासायला गेलो. मधली माती वीतभर उचलली होती, ते व्हायचंच असतं. समाधीचा दगड कलला होता, तेही व्हायचंच. पण घराकडून रेटा बसला तर दगड घरापासून लांब कलायला हवा, निदान दोन्हीकडच्या रेट्यानं सरळ उचलायला हवा. तो घराकडे झुकला होता. मान पुढं काढून कुणी ऐकावं तसा. मी टेप लावली. दगड आणि पाया यांतलं अंतर आखणीच्या वेळेपेक्षा कमी भरलं. मी मनाशी म्हणालो, आखणीत चूक झाली असेल, नाहीतर एका बाजूची माती वाळली असेल. कल्याणप्पांना दगडाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, राहू द्या, सरळ करू नका.

घर झालं, वास्तू झाली. माझी बदली भूमला झाली. पुढच्या पावसाळ्यात कळंबला कामासाठी गेलो तेव्हा कल्याणप्पांनी जेवायला नेलं. मी आधी भिंतींकडे पाहिलं, सवयीनं. एवढा पाऊस होऊनही कुठं केसाएवढी चीर नव्हती. कामाचं मनातून कौतुक वाटलं. मग शिवगंगा वाढायला आली आणि ते कौतुक तिथंच राहिलं. एका वर्षात ती निम्मी झाली होती. खांदे आत आले होते, कोपरं अंगाला चिकटलेली. मोठ्या माजघरातून ती चालायची ती अरुंद बोळातून चालावं तशी, अंग चोरून.

कल्याणप्पा जेवून माजघराच्या समाधीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसले. शहाबादी फरशीवर तळहात टेकून. त्यांचे ओठ हलत होते.

"रोज असंच बसत्यात," शिवगंगा हलक्या आवाजात म्हणाली. "आधी सांजच्याला बांधापाशी जायचे. आता जायची गरज राहिली न्हाय."



"साहेब, मधी जे असंल ते दाबलं जातं, म्हणाला होता तुमी."

"हो."

"म्या तिला मधी घातलं होतं..." तिला एका दमात बोलता येत नव्हतं. "आता मधी मी हाय. निजले की दोन्ही अंगांनी येतंय... जागा देईना ती."

मी तिला माहेरी जाऊन हवापालट करायला सांगितलं. दुसरं काय सांगणार? पण त्याच आठवड्यात तिनं नवऱ्यापुढं हट्ट धरला, एक तर अक्काची समाधी हलवा, नाहीतर मला आळंदला पोचवा. लोकांसमोर ती इरम्माला अक्काच म्हणायची. कल्याणप्पांनी वाद घातला नाही. मठातल्या अय्यांना बोलावलं, हरिबाला बोलावलं, आणि मी अजून गावात होतो म्हणून मलाही.

दुपार टळून गेली होती. अय्यांनी मंत्र म्हटले, बेल वाहिला. दगड बाजूला केला. हरिबा खणायला लागला आणि हातभर खाली गेल्यावर थांबला. मला म्हणाला, साहेब, वाकून बघा.

माती नव्हती. वाळू होती. धुतलेली, स्वच्छ, मांजरेची वाळू, थराथरानं कुटून बसवलेली. बाजूला काळ्या मातीची भिंत गुळगुळीत गोल. तो आमचाच खांब होता, कुणीही तसंच म्हटलं असतं. पण तिथं आम्ही सोट ठोकला नव्हता. समाधीच्या दगडाला तर कुणाचा हातही लागला नव्हता. हरिबानं तळापर्यंत वाळू उपसली. हाड नाही, रुद्राक्ष नाही, गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी नाही. फक्त वाळू, आणि खाली ओली काळी माती.

शिवगंगा हसली. खूप दिवसांनी श्वास मोकळा झाल्यासारखी. "न्हाय ती... इथं न्हायच."

कल्याणप्पांनी वाकून मूठभर वाळू घेतली, नाकाशी नेली. मग वळून घराकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, ओळीनं पाहिलं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, जिथं जिथं आम्ही खांब घातले होते तिथं तिथं. आणि गालात हसले.

शिवगंगेचं हसू तिथंच विरलं.

अय्या म्हणाले, बाई, तुम्ही आजच माहेरी जा. मीही म्हणालो, गाडीची सोय करतो. ती ऐकत होती, पण तिची नजर नवऱ्यावरून हलत नव्हती. कल्याणप्पा घराकडे चालू लागले होते, घाईघाईनं, चप्पल विसरून.

"न्हाय जायची," ती म्हणाली. "मी गेले तर दोघांचं घर हुईल ते."

पौषात कल्याणप्पांचा माणूस भूमला आला, बाई फार आजारी आहेत, तुम्हाला बोलावलंय. मी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. बार्शीचे डॉक्टर येऊन गेले होते. त्यांना क्षय सापडला नव्हता, ताप सापडला नव्हता. छाती दोन्ही बाजूंनी आत आल्यासारखी आहे, एवढंच ते म्हणाले होते. तिनं खाट नाकारली होती. माजघराच्या त्याच कोपऱ्यात, कल्याणप्पा जिथं बसायचे तिथं, ती फरशीवर आडवी झाली होती. जागा अडवून. कल्याणप्पा समोरच्या भिंतीला टेकून बसले होते. तिच्याकडे बघत होते असं वाटायचं, पण त्यांची नजर तिच्या खाली होती.

खोलीत मरव्याचा वास होता. तेलाचा दिवा नुकता लावला होता.

मी जवळ बसलो. तिनं डोळे उघडले.

"साहेब... फरशीला हात लावा."

मी लावला. फरशी गार होती. मग तळव्याला काहीतरी जाणवलं. एका लयीत, फार खोलवरून येणारं... धप्... धप्... वाळू कुटतात तसं. माझ्याच हातातली नाडी असेल असं मी स्वतःला सांगितलं आणि हात उचलला.

"ती बी निजली न्हाय," शिवगंगा म्हणाली. तिच्या ओठांवर एक विचित्र समाधान होतं. "मी उठत न्हाय तवर... तिला वर येता येत न्हाय."

ती पहाटेआधी गेली. झोपेतच गेली म्हणाले. मी दुकानावरच्या खोलीत होतो.

तिला शेतातच ठेवायचं होतं. हरिबा आणि त्याची माणसं सकाळी खणायला गेली, आणि माती पहार घेईना. आधी घराजवळ खणून पाहिलं. तिथं जमीन घट्ट असणार, हे मीच सांगितलं. खांबाचा दाब पोचतो तो त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट, त्यापलीकडे माती होती तशीच राहते. म्हणून लांब, शेताच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथं त्या हंगामात ज्वारी उभी होती, नांगर फिरलेली जमीन. पहार आदळली की ठिणगी उडायची. हरिबानं चार कोपरे करून पाहिले. त्या शेतात शिवगंगेला बसण्यापुरती जागा कुठंही निघाली नाही. शेवटी ओढ्यापलीकडं, भाऊबंदांच्या वावरात तिला ठेवलं. तिथली माती पहिल्या घावाला सुटली. कल्याणप्पा ओढ्यापर्यंत आले आणि तिथून मागं फिरले.

ते पुढं त्या घरात एकटेच राहिले, पाच-सहा वर्षं. दुकान भाच्याकडे दिलं. भिंतीला चीर पडली नाही. कधी गेलो तर मला आत बसवायचे, चहा द्यायचे, आणि मध्येच थांबून माझ्या पलीकडे बघत हो म्हणायचे. चेहरा सुखी माणसाचा. मला तो बघवायचा नाही, म्हणून मी जाणं कमी केलं.

ते गेले तेव्हा मी उस्मानाबादला होतो. मोटार मिळेपर्यंत उशीर झाला. शेतात पोचलो तेव्हा माणसं खड्ड्याभोवती उभी होती. बेलाखाली, जिथं आधी समाधी होती आणि वाळू निघाली होती, तिथंच खणलं होतं. हरिबा म्हातारा झाला होता, खणत नव्हता, काठावर बसला होता. मला बघून उठला आणि म्हणाला, आमी फकस्त वरची माती काढली, साहेब. शपथेवर सांगतो.

त्यांच्यात खड्डा खणून झाला की तळाशी एका बाजूच्या मातीत कोनाडा कोरतात, आणि त्यात माणसाला बसवतात. तो कोनाडा कोरायला अजून कुणी खाली उतरलं नव्हतं. मी वाकून पाहिलं. घराकडच्या बाजूला, त्या आवळलेल्या काळ्या मातीत, कोनाडा तयार होता. कडा गुळगुळीत, माती अजून ओली, आणि तिच्यावर बोटांच्या रेघा. आतून बाहेर ओढलेल्या.

एका माणसाला लागतो त्याहून तो रुंद होता.